जप्तीचे घर आणि आपली बोली

शहापूरहून सरळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर किन्हवली लागते. आसपासच्या पाड्यांची ही बाजारपेठ. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि शहापूर तालुका मुंबई-नाशिकच्या आणखी जवळ आला. या पट्ट्यात घर शोधणाऱ्या कुटुंबाच्या कानावर कधी ना कधी एक वाक्य पडते: “बँकेच्या जप्तीचे घर आहे, स्वस्तात मिळेल, फक्त ऑफर लवकर द्या.” सांगणारा बहुधा दलाल असतो. ऐकणारा आसनगाव-वासिंदकडे भाड्याच्या खोलीत दिवस काढणारा कुटुंबप्रमुख असतो आणि त्याच्या गाठीला वर्षानुवर्षे साठवलेली हलाल कमाई असते.

असे घर घ्यावे काय, या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरे तत्काळ मिळतात. एक म्हणतो, कर्ज व्याजाचे होते, म्हणून ते घरच हराम. दुसरा म्हणतो, सरकारी कायद्याने विकले, मग विचारायचे काय उरले? दोघेही घाई करतात.

लिलाव ही गोष्ट इस्लामला परकी नाही. हजरत अनस (रजि.) यांच्या कथनानुसार एक गरजू अन्सारी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मागायला आला. घरात काय आहे असे विचारल्यावर त्याने एक जाडेभरडे अंथरूण आणि पाणी पिण्याचा एक वाडगा आणला. प्रेषितांनी (स.) त्या वस्तू हातात घेऊन स्वतः बोली पुकारली. एकाने एक दिरहम देऊ केला. याहून अधिक कोण देतो, असे आपण (स.) दोन-तीन वेळा विचारले आणि दुसऱ्याने दोन दिरहम दिले. एका दिरहमचे अन्न घरी पाठवण्यास आणि दुसऱ्याची कुऱ्हाड घेण्यास त्या माणसाला सांगितले. अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत ही हदीस सविस्तर आली आहे. पंधरा दिवसांनी तो दहा दिरहम कमावून परतला. येथे बोली वाढली ती विकणाऱ्या गरजवंताच्या भल्यासाठी. आपला विषय समजण्यास ही एकच गोष्ट पुष्कळ उपयोगी आहे.

ऋणकोच्या मालमत्तेच्या सक्तीच्या विक्रीबद्दल इमामांत मतभेद आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते काजीने ऋणकोला स्वतः विकण्यास भाग पाडावे, त्याची मालमत्ता परस्पर विकू नये. त्यांचेच शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.) मात्र काजीला विक्रीचा अधिकार देतात. आपली बहुसंख्य कोकणी घराणी ज्या शाफई मसलकाची आहेत, त्यातही ही परवानगी आहे. इतकेच नव्हे, तर मान्य शाफई मतानुसार राहते घरसुद्धा कर्जफेडीसाठी विकता येते. हंबली फिकहमध्ये गरजेचे राहते घर वगळले आहे. तेव्हा जप्तीची प्रत्येक विक्री मुळातच अवैध, असे म्हणता येत नाही. खरेदीदार त्या व्याजी कराराचा पक्षही नसतो. तो घराची किंमत देतो आणि घर घेतो. परंतु बँक म्हणजे काजी नव्हे आणि तिच्या मागणीत मुद्दलाबरोबर व्याजही असते. त्यामुळे मनात जी खटक उरते ती दडपू नये. आपल्या जवळच्या जाणत्या आलिमांसमोर कागद ठेवून विचारावे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण शरीअतचे अर्धे प्रश्न येथेच सुटतात किंवा अडतात. 2002 च्या सरफेसी कायद्याने बँकेला न्यायालयात दावा न लावता तारण मालमत्ता विकण्याचा अधिकार दिला. कर्ज थकीत ठरले की कलम 13(2) ची नोटीस निघते आणि ऋणकोला 60 दिवस मिळतात. त्यानंतर बँक ताबा घेते. या कारवाईविरुद्ध ऋणकोला 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून किंमत ठरवून बँक राखीव किंमत निश्चित करते आणि लिलावाची जाहीर सूचना काढते. विक्रीतून बँकेचे येणे आणि खर्च भागून जे उरेल ते ज्याचे त्याला परत करावे लागते. तारण ठेवल्याने वस्तू मालकाच्या हातून कायमची जात नाही, तिच्यातला वाढावा त्याचाच, हे तत्त्व हदीसमधील ‘रहन’च्या प्रकरणात फार पूर्वीपासून आहे.

या साखळीत एक दिवस निर्णायक आहे. 2016 च्या दुरुस्तीनंतर, सगळे येणे भरून घर सोडवून घेण्याचा ऋणकोचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या खटल्यात तेच ठामपणे सांगितले. सूचना छापली गेली की मालकाच्या हाती फारसे उरत नाही. मालकाचे नातेवाईक आणि जमातीचे लोक बहुधा याच दिवसानंतर जागे होतात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की मुसलमान खरेदीदाराची पहिली ऑफर बँकेकडे किंवा दलालाकडे नव्हे, तर घरमालकाकडे गेली पाहिजे, आणि तीही त्या दिवसाच्या आधी. नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालकाला घर विकता येत नाही. पण संमती मागता येते, आणि आपले पैसे पूर्ण वसूल होत असतील तर बँकेने नकार देण्याचे कारण उरत नाही. समजा, आसनगाव स्थानकाजवळच्या एका सदनिकेची बाजारात किंमत 22 लाख रुपये आहे, बँकेचे येणे 14 लाख आणि राखीव किंमत 17 लाख. लिलावात ती 17 लाखांना गेली, तर खर्च वजा जाता मालकाच्या हाती तीन लाखही पडणार नाहीत. तुम्ही थेट 21 लाख दिले, 14 लाख बँकेत भरले आणि 7 लाख त्याला दिले, तर तुम्हाला घर बाजारभावापेक्षा स्वस्त मिळाले आणि त्याच्या मुलांना दुसरीकडे डोके टेकवण्यापुरती अनामत हाती आली.

चार लाख अधिक का द्यावे, असे कोणी विचारील. हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्या नोकराने त्यांच्यासाठी तीनशे दिरहमना एक घोडा ठरवला. जरीर घोडा पाहून त्याच्या मालकाकडे गेले, तुझा घोडा याहून मोलाचा आहे असे म्हणाले आणि स्वतःच किंमत वाढवत आठशेपर्यंत गेले. तबरानी यांनी ही रिवायत दिली आहे. कारण विचारता त्यांनी सांगितले, की प्रत्येक मुसलमानाचे भले चिंतण्याची बैअत त्यांनी प्रेषितांच्या (स.) हाती केली होती. प्रत्येकाला इतके जमणार नाही, आणि फर्जही नाही. अडलेल्या माणसाच्या विक्रीबद्दल इमाम खत्ताबी (रह.) यांनी भेद केला आहे: जबरदस्तीने करवलेली विक्री ठरतच नाही, कर्जाने गांजून केलेली विक्री ठरते, पण अशा वेळी त्याला उधारी, मुदत किंवा मदत द्यावी हे योग्य, त्याच्या अडचणीवर भाव पाडणे नापसंत. सूरह बकराच्या 280व्या आयतीत अडचणीतील ऋणकोला सवड देण्याचा आणि सोडून देणे अधिक चांगले असल्याचा जो उपदेश आहे, त्याचा पहिला धनी धनको आहे. खरेदीदारानेही तो ऐकावा, असे मला वाटते.

मालकाशी जमले नाही, सूचना निघाली, तर बोली लावण्यास हरकत नाही. पण मग ती बोली स्वच्छ हवी. घ्यायचे नसताना केवळ भाव चढवण्यासाठी बोली लावणे यास हदीसमध्ये ‘नज्श’ म्हटले आहे आणि बुखारी व मुस्लिम दोन्हींत त्याची मनाई आहे. त्याच्याच उलट बाजूचा प्रकार म्हणजे चार-पाच इच्छुकांनी आधी बसून एकानेच बोली लावायची आणि बाकीच्यांनी गप्प राहायचे, मग फरक वाटून घ्यायचा. हे करणारे स्वतःला हुशार समजतात. ते पैसे त्या ऋणकोच्या वाढाव्यातून चोरलेले असतात, अंथरुणाच्या लिलावात प्रेषित (स.) ‘अधिक कोण देतो’ असे कोणासाठी विचारत होते, ते आठवावे. आणि एखाद्या भावाचा सौदा मालकाशी ठरला असेल, तर त्यावर आपला सौदा चढवू नये, ही मनाईही सहीह आहे. खुल्या लिलावाला ती लागू नाही, ठरलेल्या सौद्याला आहे.

दलालाची मजुरी हलाल आहे. इब्ने सीरीन, अता, हसन बसरी (रह.) यांसारख्या ताबिईंना तीत काही वावगे दिसले नाही, हे इमाम बुखारी यांनी नमूद केले आहे. मदीनेच्या बाजारात या लोकांना ‘सिमसार’ म्हणत, प्रेषितांनी (स.) त्यांना ‘ताजिर’ म्हणजे व्यापारी हे अधिक सन्मानाचे नाव दिले आणि व्यापारात निरर्थक बोलणे व शपथा शिरतात म्हणून त्यात सदका मिसळत जा, असे सांगितले. आपल्याकडच्या दलालांना पहिला भाग फार आवडतो. मजुरी हलाल ठरते ती कामाची: कागद तपासणे, घर दाखवणे, नोंदणीला सोबत येणे. “बँकेत ओळख आहे, राखीव किमतीखाली काढून देतो” हे काम नव्हे. राखीव किमतीइतका भाव न आल्यास त्याखाली विकायला नियमांनुसार ऋणको आणि बँक दोघांची संमती लागते. ती संमती कागदावर दाखव, इतकेच त्याला म्हणावे. मालक आणि खरेदीदार दोघांकडून गुपचूप दलाली घेणारा दोघांपैकी एकाचा विश्वासघात करतोच. त्याने दोन्हीकडे आधी उघड सांगितले असेल तर गोष्ट वेगळी. दलाली किती, कशाबद्दल, सौदा फिसकटल्यास परत मिळणार की नाही, हे सूरह बकराच्या 282व्या आयतीच्या आज्ञेला धरून लिहून घ्यावे.

पैशाची तयारी नसेल तर बोलीच लावू नये. बोली मंजूर झाली की त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी, अनामत धरून 25 टक्के भरावे लागतात. उरलेले विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी ती तीन महिन्यांपलीकडे जात नाही. चुकल्यास भरलेली रक्कम जप्त होते, आणि बँकेचे नुकसान झाले नसले तरी ती जप्ती वैध आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी 2024 चा निर्णय आहे. ही जप्ती टाळण्यासाठी माणूस धावत जातो ते व्याजाच्या दारी. ज्या फासातून एक घर सुटले त्याच फासात दुसरे अडकायचे, याला खरेदी कसे म्हणावे?

किन्हवलीसारख्या भागात कागदांचे आणखी काही पेच आहेत. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ नुसार पूर्वपरवानगी लागते. दलालाने “नंतर करून घेऊ” म्हटले की तेथून उठावे. शेतजमिनीला सरफेसी कायदा लागू होत नाही, म्हणून सातबाऱ्यावर घराखालची जमीन शेतीची आहे की बिगरशेती, हे आधी पाहावे. गावठाणातील घराला अनेकदा ग्रामपंचायतीचा नमुना 8 एवढाच आधार असतो. तो कर-आकारणीचा उतारा आहे, मालकीचा दाखला नाही. पतसंस्थेची वसुली असेल तर कायदाच वेगळा: सहकार कायद्याच्या कलम 101 चा दाखला आणि वसुली अधिकाऱ्यामार्फत नियम 107 खालील लिलाव. तेथे विक्रीनंतरही 30 दिवसांत थकबाकी आणि खरेदीदारासाठी 5 टक्के रक्कम भरून मालकाला विक्री रद्द करवता येते. म्हणजे महिनाभर तुमचे घर पक्के नाही, आणि त्या महिन्यात मालक पैसे जमवत असेल तर त्यात आडकाठी घालणे शोभणारे नाही.

बँक घर ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर विकते. वीजबिलाची जुनी थकबाकी नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये मान्य केले आहे. सोसायटीची देणी, घरपट्टी हेही विचारून घ्यावे. आणि जाहिरातीत ‘सांकेतिक ताबा’ असे शब्द असतील, तर त्यांचा सरळ अर्थ असा, की त्या घरात अजून कोणीतरी राहते आहे. त्या कुटुंबाला बाहेर काढण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने होते. दलालाने आणलेल्या चार धटिंगणांनी नव्हे. बोली लावण्यापूर्वी एकदा त्या दारी जाऊन यावे. आत कोण आहे, आजारी आहे काय, मुलांच्या परीक्षा कधी आहेत, हे आपण विचारले नाही तर कोणीच विचारत नाही. शाळेचे वर्ष संपेपर्यंत दोन-तीन महिने राहू द्यायचे असेल, तर तेवढा करार लेखी करावा, म्हणजे सवडीचे भांडण होणार नाही.

ताबा मिळाल्यावर आत सामान उरले असेल, तर ते घराबरोबर विकत मिळालेले नसते. विक्रीच्या दाखल्यात भिंती आणि जमीन असते. भांडी, कपाट, शिलाई मशीन नसते. ते अमानत आहे. दोन साक्षीदारांसमोर यादी करावी, एक प्रत बँकेला द्यावी, मालकाला निरोप पाठवावा आणि तो नेईपर्यंत जपून ठेवावे. रेशनकार्ड, शाळेचे दाखले, औषधांच्या चिठ्ठ्या असले कागद सापडले तर तेवढे आधी, त्याच दिवशी पोहोचवावेत.