तयार प्रोग्रामचे डेब पॅकेज

लिनक्ससाठीचे कितीतरी प्रोग्राम तयार बायनरीच्या रूपात, टार फाइलमध्ये मिळतात. ती उलगडून प्रोग्राम चालवता येतो, पण कोणती फाइल कुठे गेली याची नोंद यंत्राकडे राहत नाही. डेबियन, उबंटू किंवा मिंट वापरणाऱ्यांना असा प्रोग्राम द्यायचा असेल, तर डेब पॅकेज बांधावे. आधी परवाना वाचा. पुनर्वितरणाला मनाई असेल, तर पॅकेज स्वतःपुरतेच ठेवा.

पॅकेजच्या नावाने फोल्डर तयार करा. त्यात /ऑप्ट खाली प्रोग्राम जसाच्या तसा ठेवा, /यूएसआर/बिन मध्ये त्याची सिमलिंक आणि /यूएसआर/शेअर/अ‍ॅप्लिकेशन्स मध्ये मेनूसाठी डेस्कटॉप फाइल. /यूएसआर/लोकल ला हात लावू नका, ती जागा यंत्र सांभाळणाऱ्याची.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो अवलंबित्वांना. अनेकजण इथे एलडीडी चालवतात. अनोळखी बायनरीवर ते टाळावे, कारण तपासताना त्यातला कोड चालू शकतो. शिवाय अप्रत्यक्ष लायब्रऱ्याही यादीत येतात. त्याऐवजी ‘ऑब्जडम्प -पी’ चालवून ‘नीडेड’ लिहिलेल्या ओळी पाहा. प्रोग्रामसोबतच आलेल्या लायब्रऱ्या सोडून द्या. उरलेल्यांपैकी प्रत्येकीचे पॅकेज ‘डीपीकेजी -एस’ सांगते. त्याला पूर्ण मार्ग न देता फक्त फाइलचे नाव द्यावे. जीलिबसीची किमान आवृत्तीही पाहाच. बायनरीला 2.34 हवी असेल, तर 2.31 असलेल्या उबंटू 20.04 वर ती चालणार नाही. हे पॅकेजमध्ये नोंदवले, की बसवतानाच यंत्र स्पष्ट नकार देते. वापरणाऱ्याला नंतर टर्मिनलमधल्या गूढ त्रुटीशी झगडावे लागत नाही.

मग पॅकेजच्या फोल्डरमध्येच ‘डेबियन’ नावाचा फोल्डर, पूर्ण मोठ्या रोमन अक्षरांत, आणि त्यात ‘कंट्रोल’ फाइल. पॅकेजचे नाव लहान अक्षरांत, आवृत्तीची सुरुवात अंकाने, आर्किटेक्चर बायनरीला जुळणारे, सांभाळणाऱ्याचे नाव व ईमेल, वर आलेली अवलंबित्वे आणि वर्णन. फाइलच्या शेवटी नवी ओळ हवीच.

‘डीपीकेजी-डेब --रूट-ओनर-ग्रुप --बिल्ड’ ने पॅकेज बांधा. पहिला पर्याय विसरलात, तर फाइलींची मालकी तुमच्या खात्याच्या क्रमांकावर राहते आणि दुसऱ्याच्या यंत्रावर तो क्रमांक भलत्याच कुणाचा असू शकतो. लिंटियनने तपासा; /ऑप्ट बद्दलची त्याची तक्रार इथे अपेक्षितच आहे.

चाचणी कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर घ्या, स्वतःच्या यंत्रावर नको. तिथे हव्या त्या लायब्रऱ्या आधीच असतात. ‘एपीटी इन्स्टॉल’ पुढे फाइलच्या नावाआधी टिंब आणि तिरपी रेघ द्या, म्हणजे अवलंबित्वेही ओढली जातील. प्रोग्राम मेनूतून उघडा, नंतर ‘एपीटी पर्ज’ करा आणि /ऑप्ट मध्ये काही उरले का ते पाहा.