घराचा स्लॅब कोणत्या दिवसांत टाकावा?



भात कापायला केव्हा यावे, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. पण जन्मात एकदाच बांधायच्या घराचा स्लॅब टाकण्याचा दिवस मात्र आपण सेंट्रिंगवाल्याच्या सवडीवर सोडतो. आपल्या खानापूर-बेळगाव भागात पुष्कळ घरांचे काम उन्हाळाभर रेंगाळते आणि मे महिन्यात एकच घाई सुरू होते : मिरगाच्या आत स्लॅब झालाच पाहिजे!

अशाच एका नव्या घराच्या आशीर्वादासाठी मी जुलैमध्ये गेलो होतो. प्रार्थना चालू असताना छतातून पाणी ठिबकत होते आणि घरची माउली हळूच पातेले खाली सरकवत होती. स्लॅब मेच्या अखेरीस भर उन्हात टाकलेला. विहीर आटलेली, म्हणून पाणी चारच दिवस मारलेले. कर्जाचे हप्ते मात्र पुरे भरायचे होते. म्हणून आज या विषयावर चार शब्द.

काँक्रीट वाळून घट्ट होते असे आपण समजतो. ते खरे नाही. सिमेंटचा पाण्याशी संयोग होऊन ते घट्ट होते. पाणी आधीच उडून गेले तर हा संयोग अर्धवट राहतो. वरचा थर भुसभुशीत होतो, चिरा पडतात, त्यांतून पावसाचे पाणी सळईपर्यंत जाते आणि सळई गंजून फुगली की खालचे पापुद्रे सुटू लागतात.

मे महिन्यात तीन शत्रू एकत्र येतात : कडक ऊन, कोरडा वारा आणि आटलेली विहीर. हिशेबच करू. २० फूट बाय ३० फूट स्लॅबवर आळी करून दोन इंच पाणी भरायचे तर सुमारे २,८०० लिटर पाणी लागते, म्हणजे २०० लिटरची १४ पिंपे. शिवाय उन्हाने आणि गळतीने कमी होणारे पाणी रोज भरावे लागते ते वेगळे. भारतीय मानक ४५६ (सन २०००) प्रमाणे साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान ७ दिवस आणि पोझोलाना सिमेंटचे किमान १० दिवस ओले ठेवावे. कोरड्या, उष्ण हवेत हेच दिवस १० आणि १४ धरावेत. पोत्यावर पी.पी.सी. लिहिले असेल तर ते पोझोलाना सिमेंट समजावे.

मग योग्य काळ कोणता? भाताची मळणी आटोपल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. या दिवसांत ऊन सौम्य असते, विहिरीला पाणी असते, हातात पिकाचे पैसे असतात आणि घरची माणसेही मोकळी असतात. डिसेंबरात पाया व जोते, जानेवारीत भिंती, फेब्रुवारीत स्लॅब, असा क्रम ठेवावा. थंडीत काँक्रीट सावकाश घट्ट होते, म्हणून टेकू काढण्याची घाई करू नये. साध्या सिमेंटला १५ फुटांपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखाली टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याखाली १४ दिवस ठेवावेत. बीमखाली २० फुटांपर्यंत १४ दिवस, पुढे २१ दिवस. पोझोलाना सिमेंट असेल किंवा पारा १५ अंशांखाली उतरत असेल तर इंजिनिअरला विचारून आणखी थांबावे.

फेब्रुवारी हुकला आणि उन्हाळ्यातच काम करणे भाग पडले, तर पहाटे सुरू करून ऊन चढण्याआधी संपवावे. खडीवर आदल्या दिवशी पाणी मारावे. काँक्रीट सुकते म्हणून गवंडी वरून पाणी ओततो, ते करू देऊ नये. जादा पाण्याने काँक्रीट कमजोर होते. वरचा भाग घट्ट होताच ओल्या गोणपाटाने झाकावा.

वळवाचा भरवसा नसतो, म्हणून ताडपत्री आधीच जवळ ठेवावी. पावसाने सिमेंट धुऊन गेले तर वरून कोरडे सिमेंट भुरभुरून दोष झाकू नये. तो भाग काढून पुन्हा करावा. ओल्या वाळूचीही आठवण ठेवा. ओलसर वाळू फुगते, त्यामुळे घमेले भरलेले दिसले तरी वाळू प्रत्यक्षात कमी पडते.

आरोग्याची एक गोष्ट. स्लॅबवर साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे नवे डास होतात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणून दर पाच दिवसांनी आळ्यांतील पाणी खराट्याने झाडून काढावे आणि लगेच ताजे भरावे. स्लॅब मात्र कोरडा पडू देऊ नये.

आणि यंदा पैसे अपुरे पडत असतील तर? जोत्यापर्यंत काम करून थांबावे. कॉलमच्या उघड्या सळयांना सिमेंटचा घट्ट रबडा लावून ठेवावा आणि पुढच्या सुगीनंतर काम हाती घ्यावे. एक पावसाळा जुन्या घरात काढणे जड जाईल. पण गळका स्लॅब दर पावसाळ्यात सोसावा लागतो.

म्हणून दिवस ठरवण्याआधी सेंट्रिंगवाल्याला विचारा, पण त्याच्याही आधी आपल्या विहिरीत डोकावून पाहा.