नवी घेतलेली जुनी गाडी आणि लखनौची थंडी

लखनौच्या जुन्या शहरात गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंत जाणारा बाजाररस्ता म्हणजे चौक. चिकनचे भरतकाम, अत्तरे, फुले आणि सराफी यांसाठी तो पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव आणि लगतच्या सातारा जिल्ह्यातील माण, खटाव या कमी पावसाच्या तालुक्यांतील माणसे सोन्या-चांदीच्या गलाईच्या व्यवसायानिमित्त देशभरातील सराफ्यांत जाऊन स्थिरावली. चौकातील सराफाही त्यास अपवाद नाही. अशा कुटुंबातील एखाद्या तरुणाने भट्टीच्या कामाला जोड म्हणून मालवाहतुकीचा व्यवसाय करावयाचे ठरविले, तर नव्या गाडीपेक्षा वापरलेली डिझेल पिकअप त्याच्या आवाक्यात असते. चिकनचे गठ्ठे, मंडपाचे सामान, उन्हाळ्यात मलिहाबादचे आंबे, असे काम चौकाच्या आसपास पुष्कळ आहे.

मात्र या कामाचा हंगाम लक्षात घ्यावा लागतो. कार्तिकातील देवउठनी एकादशीनंतर लग्नसराई सुरू होते. तिला तिकडे ‘सहालग’ म्हणतात. मंडप, खुर्च्या, भांडी, कपडे या सर्वांची ने-आण त्याच दिवसांत होते आणि थंडीही त्याच दिवसांत वाढत जाते. गाडीची खरी कमाई हिवाळ्यातली आणि गाडी अडून बसण्याचे दिवसही हिवाळ्यातलेच. कर्जाचा मासिक हप्ता मात्र पारा पाहून थांबत नाही. त्यामुळे वापरलेले वाहन घेणाऱ्या ग्राहकाने पहिल्या हिवाळ्याची तयारी हा खरेदीचाच भाग मानावा. नागपूर, निफाड किंवा जळगाव भागातील वाहनधारकांनाही हे विवेचन बऱ्याच अंशी लागू पडेल.

थंडी नेमके काय करते?

लखनौत जानेवारीतील किमान तापमान साधारणतः सात-आठ अंश सेल्सिअस असते. थंडीच्या लाटेत ते तीन-चार अंशांपर्यंत उतरते. लडाख किंवा युरोपच्या मानाने ही थंडी सौम्यच म्हणावयाची. परंतु डिझेल इंजिनाला ती जाणवते, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली यशस्वी करून दाखविलेल्या या इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी नसते. हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते बाविसाव्या भागापर्यंत दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि त्या उष्णतेनेच फवारलेले डिझेल पेट घेते.

आता मे महिन्यात आत शिरणारी हवा चाळीस अंशांची असते, तर जानेवारीच्या पहाटे ती सहा अंशांची. हा चौतीस अंशांचा फरक दाबाच्या अखेरीस जवळजवळ अडीचपट होतो. त्यातच पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, तर दाबलेल्या हवेचा काही भाग निसटून जातो आणि उष्णता आणखी कमी पडते. म्हणून जूनमध्ये अर्ध्या फेरीत सुरू होणारे जुने इंजिन जानेवारीत दीर्घकाळ सेल्फ मारूनही पेट घेत नाही. उन्हाने जे दोष झाकून ठेवलेले असतात, ते थंडी उघडे पाडते. वापरलेल्या गाडीच्या बाबतीत हे एका परीने खरेदीदाराच्या हिताचेच आहे.

पाहणी पहाटे करावी

ते हिताचे अशासाठी की, गाडी पाहावयास पहाटे जाता येते. विक्रेता बहुधा दुपारची वेळ देतो आणि आपण पोहोचण्यापूर्वी गाडी एक फेरी मारून आलेली असते. शक्य तर सहा-सातच्या सुमारास जावे, प्रथम बॉनेट उघडून इंजिनाला हात लावावा आणि ते गार आहे याची खात्री करून मगच ते सुरू करावयास सांगावे. विक्रेत्याला ही अट मान्य नसेल, तर त्या नकारातूनही पुष्कळ कळते.

सुरू होताना किंचित पांढरा धूर येऊन मिनिटाभरात विरला, तर ते न जळलेले डिझेल होय. थंडीत ते क्षम्य आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही टिकला आणि त्याला गोडसर वास असला, तर रेडिएटरमधील कुलंट सिलिंडरमध्ये जात असण्याची शंका घ्यावी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर हवेच्या चोंदलेल्या फिल्टरचा असू शकतो. तो दोष स्वस्तात निघतो, परंतु नोझल किंवा पंप बिघडला असल्यास खर्च मोठा होतो. इंजिन मंद गतीने चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. तेथून धापा टाकल्यासारखी जोरदार वाफ येत असेल, तर रिंगा झिजल्या आहेत. यालाच मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. अशा गाडीची किंमत कितीही कमी असली तरी ती हिवाळ्यात महागच पडते.

कागदपत्रांविषयी येथे थोडक्यात सांगतो. नोंदणी प्रमाणपत्रावर आधीच्या वित्तसंस्थेच्या नजरगहाणाची नोंद असल्यास ती नमुना ३५ भरून रद्द झालेली असावी. हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३०, आणि गाडी अन्य राज्यातली असल्यास नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र लागते. विमापत्र चौदा दिवसांच्या आत आपल्या नावे करून घेण्यासाठी अर्ज द्यावा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर बंदी घातली व सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती कायम केली. त्यानंतर तेथील वय झालेली वाहने बाहेरच्या जिल्ह्यांत विकली जाऊ लागली. अशी गाडी स्वस्त दिसली, तरी आठ वर्षांनंतर मालवाहू वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र दर वर्षी नव्याने घ्यावे लागते, हे हिशेबात धरावे.

आणखी एक सूचना. हाताशी असलेली सर्व रक्कम खरेदीत घालू नये. किमतीच्या साधारण दहावा हिस्सा पहिल्या दुरुस्तीसाठी वेगळा ठेवणे शहाणपणाचे, असे आमचे मत आहे. आधीच्या मालकाने ऑइल कधी बदलले, हे तोंडी आश्वासनावर सोडू नये. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, हवेचा फिल्टर आणि कुलंट हे सर्व ताबा मिळताच बदलून तारीख व किलोमीटर वहीत टिपावेत. तेथून पुढचा इतिहास तरी आपल्या हातचा राहतो.

डिझेल, मेण आणि पाणी

डिझेलमध्ये नैसर्गिकपणे मेणाचे अंश असतात. गारठा वाढला की त्यांचे कण तयार होतात आणि फिल्टरच्या जाळीवर साचू लागतात. ज्या तापमानाला डिझेल ठरावीक जाळीतून वाहणे बंद होते, त्याची मर्यादा भारतीय मानक ब्यूरोच्या आय.एस. १४६० या मानकात हिवाळ्यासाठी ६ अंश आणि उन्हाळ्यासाठी १८ अंश सेल्सिअस अशी दिलेली आहे. प्रत्यक्षात मिळणारे डिझेल या मर्यादेपेक्षा चांगलेही असू शकते. परंतु लखनौची एखादी पहाट चार अंशांची असते, हे लक्षात घेता फारसे अंतर हाताशी राहत नाही. नवा फिल्टर थोडे मेण सहन करतो. निम्मा चोंदलेला फिल्टर त्याच पहाटे गाडी बंद पाडतो. गाडी सुरू होते, शंभर पावले जाते आणि दम तोडते, असा प्रकार घडला तर बॅटरीला दोष न देता प्रथम फिल्टर पाहावा.

मेणाहूनही पाण्याचा उपद्रव अधिक. दिवसा बावीस अंश आणि पहाटे पाच, शिवाय दाट धुके, अशा हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीच्या आतल्या बाजूवर दव धरते आणि ते पाणी तळाशी उतरते. त्यावर उपाय साधा आहे. टाकी सकाळी नव्हे, तर काम संपल्यावर संध्याकाळी भरावी, म्हणजे रात्री दव धरण्यास जागाच उरत नाही. फिल्टरखाली पाणी वेगळे करणारे जे भांडे असते, त्याचा स्क्रू आठवड्यातून एकदा ढिला करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढावे. खाली स्वच्छ थर दिसला, तर ते पाणी होय. निव्वळ डिझेल येईपर्यंत ते जाऊ द्यावे. उच्च दाबाच्या नव्या प्रकारच्या इंजिनांत हे पाणी पंपाचे व नोझलचे अपरिमित नुकसान करते. फिल्टर बदलल्यानंतर हातपंपाने डिझेल ओढून घेतल्याशिवाय सेल्फ मारू नये, अन्यथा यंत्रणा हवा धरते.

जुने चालक थंडीत डिझेलमध्ये रॉकेल मिसळीत. ही पद्धत आता पूर्णपणे सोडून द्यावी. पंपाला वंगण डिझेलच पुरविते आणि रॉकेल ते वंगण कमी करते. शिवाय अशी भेसळ बेकायदेशीर आहे. टाकीखाली किंवा ऑइलच्या सम्पखाली चिंध्या पेटवून शेक देण्याचा प्रकारही उत्तरेत हिवाळ्यात पाहावयास मिळतो. गल्लीत, कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी उभ्या असलेल्या गाडीखाली आग लावणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

बॅटरी आणि हीटर प्लग

शून्य अंशाजवळ बॅटरीची सेल्फ फिरविण्याची ताकद सुमारे एक-तृतीयांशाने घटते आणि नेमके त्याच वेळी घट्ट झालेले ऑइल इंजिनाला जड करते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट असावा, तो १२.२ वर आला असेल, तर बॅटरी निम्मी रिकामी आहे. इंजिन चालू असताना तो १४ च्या आसपास गेला पाहिजे, न गेल्यास दोष अल्टरनेटरमध्ये शोधावा. बॅटरीच्या टोकांवरील पांढरी बुरशी गरम पाण्याने धुऊन घ्यावी व इंजिनाला जोडलेली अर्थची तारही उघडून साफ करावी. ही तार अनेकदा विसरली जाते आणि चांगली बॅटरी विनाकारण बदलली जाते.

ज्या इंजिनात हीटर प्लग आहेत, तेथे किल्ली फिरविल्यावर वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबावे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांत अर्धा मिनिट जाऊ द्यावा. इथरचा फवारा मारून गाडी सुरू करण्याची युक्ती हीटर प्लग असलेल्या इंजिनात धोक्याची आहे.

काढून टाकलेला थर्मोस्टॅट

उष्ण प्रदेशातील गाड्यांत एक गोष्ट वारंवार आढळते. इंजिन तापते अशी तक्रार आली की मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकतो. पाणी सतत फिरत राहते, काटा खाली राहतो आणि मालक समाधानी होतो. हिवाळ्यात मात्र असे इंजिन कधीच पुरेसे गरम होत नाही. डिझेल अधिक लागते, धूर येतो, अर्धवट जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि झीज वाढते. वीस मिनिटे चालविल्यावरही तापमानाचा काटा मध्यावर येत नसेल, तर थर्मोस्टॅट आहे की नाही हे उघडूनच पाहावे आणि नसल्यास बसवून घ्यावा. मूळचा तापण्याचा दोष बहुधा कूपनलिकेच्या जड पाण्याने रेडिएटरमध्ये धरलेल्या क्षारांचा असतो. रेडिएटर धुऊन ऊर्ध्वपातित पाणी व कुलंट निम्मे-निम्मे भरावे. लखनौत पाणी गोठत नाही, म्हणून कुलंट नको, हा युक्तिवाद चुकीचा आहे. गंज रोखणे हे त्याचे बारमाही काम आहे. गाडी डोंगरात जाणार असेल, तर हेच मिश्रण उणे तीस अंशांपलीकडेही गोठत नाही.

गल्लीतील छोटे फेरे

१ एप्रिल २०२० नंतरच्या भारत स्टेज सहा मानकाच्या बहुतेक डिझेल पिकअपमध्ये धुरातील काजळी अडविणारा फिल्टर असतो. तो स्वच्छ होण्यासाठी धुराचे तापमान बरेच वाढावे लागते. चौक ते अमीनाबाद, तेथून परत, असे दोन-तीन किलोमीटरचे थंड फेरे आणि माल उतरेपर्यंत चालू ठेवलेले इंजिन, यांत ते घडत नाही. आठवड्यातून एकदा गाडी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास सलग पळवावी. काजळीच्या फिल्टरचा दिवा लागल्यावर तर ते टाळूच नये.

टायरमधील हवा दर पाच-सहा अंशांच्या घसरणीमागे एखाद्या पौंडाने कमी होते, पिकअपच्या अधिक दाबाच्या टायरमध्ये त्याहूनही थोडी जास्त. उन्हाळ्यात भरलेली हवा जानेवारीत पुरत नाही. धुक्यासाठी पिवळे दिवे, वायपरची नवी रबरे आणि मागील परावर्तक पट्ट्या एवढे तरी असावेच. आग्रा-लखनौ द्रुतगती मार्गावर दाट धुके असेल, तर माल एक दिवस उशिरा पोहोचविणे बरे. नैनिताल किंवा त्यापलीकडे जावयाचे असल्यास टाकी लखनौहून काठोकाठ न भरता वर गेल्यावर तेथील डिझेल घ्यावे. लडाखसाठी तर इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल आणले आहे.

उरतो प्रश्न गाडी मिस्त्रीकडे कधी न्यावयाची याचा. पहिली वेळ दसरा-दिवाळीच्या दरम्यानची, म्हणजे सहालग सुरू होण्यापूर्वी. दुसरी, आपण ज्याला धनुर्मास म्हणतो व तिकडे ज्याला खरमास म्हणतात, त्या डिसेंबरच्या मध्यापासून मकर संक्रांतीपर्यंतच्या महिन्यातील. त्या काळात लग्नाचे मुहूर्त नसतात, भाडी कमी होतात आणि थंडी सर्वाधिक असते. गाडी तीन दिवस गॅरेजमध्ये राहिली, तरी तेव्हा भाडे बुडत नाही. आणि गोठलेल्या पहाटे ती कशी सुरू होते, हे मिस्त्रीलाही प्रत्यक्ष पाहता येते.