एकसष्टनंतर चव्वेचाळीस

पुसदच्या एका अभ्यासिकेत बसून मी एमपीएससीच्या गट ब संयुक्त पूर्वपरीक्षेची तयारी केली. १०० प्रश्न, १०० गुण, एक तास, चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. शेवटच्या दीड महिन्यात दर रविवारी सराव पेपर दिला. गुण असे आले: ४८, ६१, ४४, ५७, ४६, ५९. ६१ आले त्या दिवशी घरी पेढे नेले. ४४ आले त्या रात्री आईने दोनदा हाक मारली, तरी जेवायला उठलो नाही.

१. गुण असे वर-खाली झाले तर आधी तुक्के वेगळे काढा. समजा, २० प्रश्न निव्वळ अंदाजाने सोडवले. चार पर्यायांत सरासरी ५ बरोबर येतील, १५ चुकतील. हाती उरेल सव्वा गुण. पण एखाद्या रविवारी ८ बरोबर येतात आणि ५ गुण मिळतात. पुढच्या रविवारी ३ येतात आणि उलट सव्वा गुण जातो. अभ्यास तेवढाच, फरक सव्वासहा गुणांचा! हे उमगल्यावर मी सरावाच्या प्रश्नपत्रिकेत प्रत्येक तुक्क्यापुढे टिंब देऊ लागलो. जुने पेपरही आठवून तपासले. ६१ मधले खात्रीचे गुण ५४ होते. ४४ च्या पेपरात ते ४६ होते, तुक्क्यांनी त्यातले २ खाल्ले होते. म्हणजे १७ गुणांच्या दरीतले ९ नशिबाचे, आणि मी मात्र जेवण सोडून बसलो होतो.

२. पेपर कुणी काढला ते बघा. एका क्लासचा पेपर एका ओळीच्या प्रश्नांचा, दुसऱ्याचा ‘योग्य विधाने ओळखा’ने भरलेला. त्यांच्या गुणांची तुलना करणंच चूक. उत्तरतालिकाही तपासून घ्या. आयोगाची पहिली तालिकासुद्धा हरकतींनंतर बदलते. आयोगाचे जुने चार पेपर मी शेवटासाठी न उघडता ठेवले होते. घड्याळ लावून सोडवले, तेव्हा चारही वेळा ५० ते ५४ च्या मध्येच राहिलो. माझी खरी पातळी मला तिथे दिसली.

३. एका प्रश्नाला ३६ सेकंद. ४४ च्या दिवशी बैठकव्यवस्थेच्या एका प्रश्नात मी सहा मिनिटं अडकलो. दहा प्रश्नांचा वेळ गेला, शेवटचे प्रश्न वाचलेच नाहीत. त्यातले चार मला येत होते.

४. पेपर कधी दिला तेही बघा. ४६ आले तो दिवस सोयाबीन काढणीचा. दिवसभर शेतात, संध्याकाळी पेपर. परीक्षा सकाळी ११ ची होती. नंतरचे पेपर मी ११ लाच दिले.

५. एका पेपरावरून अभ्यासाची दिशा बदलू नका. माझं सगळ्यांत मोठं नुकसान इथे झालं. ६१ नंतर भूगोल झाला असं समजून त्याचं पुस्तक मिटलं. ४४ नंतर घाबरून राज्यघटनेचं नवं जाडजूड पुस्तक आणलं, त्यात दहा दिवस गेले आणि हातच्या जुन्या पुस्तकाची तयारी विस्कटली. गुण पडले की लगेच काही तरी करावंसं वाटतं. त्या रात्री काहीही ठरवू नका. तीन पेपर होऊ द्या, चुकांची वही उघडा. तीच चूक तिन्हीकडे दिसली तरच हात घाला.

परीक्षेला दिग्रस, दारव्हा करत यवतमाळ गाठलं. अंतिम उत्तरतालिकेनुसार माझे गुण भरले ५१.२५.