कायद्यातला कार्तिक आणि आपली दिवाळी

॥ श्री गुरवे नमः ॥



"अमेरिकेने दिवाळीची सुट्टी दिली" असा मेसेज ग्रुपवर तीन-चार वेळा फिरला. सगळ्यांनी हात जोडले, फुलं पाठवली. मग एका काकूंनी विचारलं, तिकडे आता दिवाळीला सगळं बंद असतं का गं? तुझी लेक तिकडेच आहे ना? म्हणून जेवढं नीट वाचलं, तेवढं इथे लिहिते आहे.

सगळं बंद नसतं. पूर्ण देशाची अशी सुट्टी अजून झालेली नाही, तिथे एकेक राज्य आपापलं ठरवतं. पेन्सिल्व्हेनिया राज्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवाळीला राज्याचा सण म्हणून मान्यता दिली, पण शाळा किंवा कचेऱ्या बंद ठेवायची सक्ती नाही. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना मात्र खरीच सुट्टी असते. त्या कायद्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये सही झाली. तिथे अडचण भक्तीची नव्हती, दिवसांची होती. वर्षाला निदान १८० दिवस शिकवणं झालंच पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे नवी सुट्टी कुठे बसवायची हाच मोठा प्रश्न होता.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये सही झाली आणि तो १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. शाळा त्या दिवशी बंद ठेवता येते, पण ठेवलीच पाहिजे असं नाही. राज्याच्या कर्मचाऱ्याला हवं तर आपल्या खात्यातली रजा वापरून दिवस घेता येतो. केंद्र सरकारच्या नोकरीतल्यांना हे चटकन कळेल. आपल्याकडे यादीतल्या दोन ऐच्छिक सुट्ट्या घेता येतात ना, साधारण त्याच जातीचं हे प्रकरण आहे.

आता मला सर्वांत गंमत वाटली ती पुढे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात इंग्रजी तारीख नाही. हिंदू चांद्र पंचांगातल्या कार्तिक महिन्याचा पंधरावा दिवस, असं लिहिलं आहे. अमेरिकेतल्या कायद्यात चक्क कार्तिक! पण आपल्या मराठी पंचांगाने मोजायला बसलात तर कार्तिकाचा पंधरावा दिवस येतो त्रिपुरी पौर्णिमेला. लक्ष्मीपूजन तर आपल्याकडे आश्विन अमावास्येला. मग चूक कोणाची? कोणाचीच नाही. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यांचा कार्तिक कृष्ण पक्षाने सुरू होतो, म्हणून त्यांची पंधरावी तिथी म्हणजे अमावास्या. दिवस तोच, महिन्याचं नाव वेगळं. आपण माळव्यात राहणाऱ्यांना हे काही नवीन नाही. शेजारच्या शर्मा-वर्मांचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस सुरू होतो, ते आपण लहानपणापासून बघतोच.

नावाचा फरक चालून जातो. तारखेचा फरक मात्र मला चांगलाच नडला, तोही सांगते.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, उत्तरेकडे बहुतेकांनी २० ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन केलं आणि आपल्या मराठी पंचांगात २१ तारीख होती. कॅलिफोर्नियातल्या लेकीचा फोन आला, "आई, कधी करायचं?" मी भिंतीकडे पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, एकवीस. तिथे धार्मिक सणासाठी पालकांनी लेखी कळवलं तर मुलाची गैरहजेरी माफ होते, बुडलेली परीक्षाही नंतर देता येते. ही सोय नव्या कायद्याच्या आधीपासूनची आहे. लेकीने माझ्या शब्दावर २१ चं पत्र दिलं. वर्गातल्या दुसऱ्या भारतीय आईने २० चं दिलं होतं. बाईंनी साधेपणाने विचारलं, नक्की दिवाळी कधी असते? लेकीने मान खाली घातली. नात २० ला शाळेत परीक्षा देऊन आली, संध्याकाळी गृहपाठ करत बसली, आणि २१ ला घरी राहून यांनी पूजा केली.

नंतर तिथल्या मंदिरातल्या गुरुजींनी सांगितलं की २१ ला पहाटेच अमावास्या संपली होती. भिंतीवरचं पंचांग इथलं होतं! तिथी सगळ्या पृथ्वीवर एकाच क्षणी लागते, पण त्या क्षणी आपल्याकडे दुपार असते तेव्हा कॅलिफोर्नियात पहाट असते. लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळी अमावास्या हवी, आणि तिथल्या प्रदोषाला ती २० तारखेलाच होती. म्हणजे वीस तारखेवाली आई बरोबर आणि मी, पंचांग वाचता येतं म्हणून मिरवणारी, चूक. लेकीची मी माफी मागितली. ती हसून म्हणाली, "पुढच्या वेळी गुरुजींनाच विचारते."

सरकारला तारीख छापावी लागते, त्याला इलाज नाही. मॉरिशसमध्ये बघा. आपल्या मराठी माणसांचे पूर्वज तिथे मजुरी करायला गेले, आणि आज गणेश चतुर्थी ही तिथली राष्ट्रीय यादीतली सुट्टी आहे. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती, मॉरिशसची सरकारी सुट्टी २८ ला, म्हणजे दीड दिवसाच्या विसर्जनाच्या दिवशी.

ज्यांची मुलं-नातवंडं कॅलिफोर्नियात आहेत त्यांनी एवढं करावं. यंदा दिवाळी ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे, म्हणजे नव्या कायद्याची पहिली सुट्टी रविवारीच गेली, हसू येतं! पण २०२७ ला आपल्याकडे लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला, शुक्रवारी आहे. तिकडे कोणत्या तारखेला येतं ते त्यांच्याच गावाच्या पंचांगात बघायला सांगा. शाळेची वेळापत्रकं फार आधी ठरतात, आणि शाळा बंद ठेवायची की नाही हे शाळेच्या मंडळाच्या हातात आहे. तेव्हा चार भारतीय घरांनी आधी आपसात एक तारीख ठरवावी, मग मंडळाला पत्र द्यावं. चार घरांच्या चार तारखा गेल्या तर ते तरी काय करतील?