मिस्त्रीला बोलवण्याआधी

पोरी, घरात ब्लाउजचं काम सुरू करतेयस, चांगलं केलंस. शिवणं तुला येतंच. पण या धंद्यात कमाई कुठं गळते, ते आत्तीकडनं ऐकून घे. मशीन जरा अडलं की मिस्त्रीला फोन, ही सवय आधी मोड. तो घरी आला की येण्याचे पैसे वेगळे, मजुरी वेगळी, आणि बऱ्याचदा निघतं काय, तर बोथट सुई.

टाका सुटायला लागला की पहिल्यांदा सुई बदल. जुनी काढण्याआधी तिची चपटी बाजू कुठल्या अंगाला आहे ते बघून ठेव. नवी तशीच धरून पार वरपर्यंत सरकव, मग स्क्रू आवळ. रुबियाला 14 नंबर चालतो, जाड काठ किंवा पॅन्टची दुमड आली की 16 नंबर लाव. जरीवर सुई लवकर मरते, त्यामुळं पैठणीच्या काठाचे ब्लाउज झाले की तीच सुई मऊ कापडाला वापरू नकोस.

कापडाखाली दोऱ्याचा गुंता होत असेल तर सगळ्या जणी बॉबिनला दोष देतात. खोट बहुधा वर असते. मशीनचा पाय उचल, सगळा दोरा काढ आणि पहिल्यापासून ओव. पाय खाली असताना ओवलास तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात नीट बसत नाही. तरी जमलं नाही तर बॉबिन केस बाहेर काढ, दोऱ्याचं टोक धरून तिला लोंबकळू दे आणि हलका हिसका दे. जराशी घसरून थांबली तर ठीक. जागची हललीच नाही तर घट्ट आहे, सरळ खाली सुटली तर सैल. तिच्या कडेचा बारका स्क्रू पाव फेरा फिरव, जास्त नको. एवढ्यासाठी कुणाला पैसे मोजायचे नाहीत.

तेल मशीनचंच घाल. खोबरेल, शेंगतेल घालणाऱ्या बाया अजून आहेत. ते आत वाळून चिकटतं, मशीन जड होतं आणि मिस्त्रीला सगळं खोलून धुवावं लागतं. रोजचं काम असेल तर आठवड्याला तेल, आणि त्याआधी दात्यांवरची पट्टी काढून ब्रशनं भुगा साफ. तेल घातल्यावर चिंधीवर थोडं चालव, नाहीतर पहिलाच ब्लाउज डागाळेल.

आता मिस्त्री खरंच लागतो कधी? शटल घासलं, टायमिंग सुटलं, आतनं खडखडायला लागलं, तेव्हा. अशा वेळी मजुरीत घासाघीस करू नकोस. सुई आणि शटलची गाठ कुठं पडते ते कानानं ओळखणारा माणूस आहे तो, त्याच्या हाताला किंमत आहे. घासाघीस करायची तर सुट्या भागावर कर. आधीच विचार: मजुरी किती, भाग किती, भाग कुठल्या कंपनीचा. बदललेला जुना भाग परत माग. काळ्या साध्या मशीनची सर्व्हिसिंग काहीशे रुपयांत भागते. आकडा हजारावर गेला तर नेमकं काय बदललंय ते लिहून घे.

दुकानात न्यायचं असेल तर अख्खं मशीन टेम्पोत घालू नकोस. हेड मागं कलवलं की बिजागऱ्यांचे दोन स्क्रू दिसतात. ते सैल केले, पट्टा उतरवला की हेड सुटं होतं, रिक्षातनं जातं. हेडवरचा नंबर मात्र लिहून ठेव. परत घेताना घरच्या दोन चिंध्या ने, एक अस्तराची आणि एक जाड काठाची. दुकानातल्या चिंधीवर प्रत्येक मशीन छान चालतं. तुझ्या चिंधीवर हळू चालव, जोरात चालव, दोन्ही बाजूंचा टाका बघ, मगच पैसे दे.

आजीचं जुनं काळं मशीन भंगारात द्यायची घाई करू नकोस. त्याच घडणीची मशीनं लुधियानात अजून बनतात, त्यामुळं बॉबिन केस, शटल, दाते सहज मिळतात. नावेसारखं लांब शटल असलेलं फार जुनं असेल तर मात्र भागांना वणवण आहे. बिडाचा स्टँड तडकला तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात विचार. बिडाचं वेल्डिंग सगळ्यांना जमत नाही, तिथं जमणारे हात आहेत. आणि नवंच घ्यायचं ठरलं तर पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मिळतात. झिगझॅगचं इलेक्ट्रॉनिक मशीन घेतलंस तर ते कंपनीच्याच माणसाकडं, घरी उघडायचं नाही.

सर्व्हिसिंग आषाढात उरकून घे. शाळेचे गणवेश झालेले असतात, लग्नं नसतात. गौरी-गणपतीच्या तोंडावर मिस्त्री मिळत नाही, मिळाला तर घाईत हात फिरवून जातो.

पण आषाढ म्हटलं की पंचगंगेचा पूर आलाच. 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा मशीन कसं वाचवायचं ते या गावातल्या बायकांनी शिकून घेतलंय. पाणी वाढतंय कळलं की आधी मोटर काढ, मग हेड सोडव, दोन्ही माळ्यावर. स्टँड राहू दे, बीड टिकतं. हेड बुडालंच तर चिखल वाळू देऊ नकोस. स्वच्छ पाण्यानं धू, पुसून कोरडं कर, रॉकेल मिळालं तर त्यानं सगळे सांधे धू आणि त्याच दिवशी प्रत्येक भोकात भरपूर तेल सोड, हातानं चाक फिरवत. एक दिवस गेला की गंज धरतो, आणि मग मजुरी दुप्पट होते. बुडालेली मोटर चालू करून बघायची नाही, ती थेट वाइंडिंगवाल्याकडं द्यायची.