‘सॉरी म्हण’ एवढ्याने भागत नाही

चि. भाचीस,


तीन-साडेतीन वर्षांचे मूल शेजारच्याच्या हातातला ठोकळा हिसकावते आणि तो रडू लागला की गोंधळून बघत राहते. बालवाडीत अशा मुलावर ‘हट्टी’, ‘भांडखोर’ असे शिक्के चटकन बसतात. पण समोरच्याला काय दिसते, काय माहीत आहे आणि काय हवे आहे हे ओळखणे या वयात अजून शिकायचे असते. ते उपजत पूर्ण तयार नसते, आणि रागावल्याने लवकर येत नाही.

ही जाण टप्प्याटप्प्याने येते. बेट्टी रेपाचोली आणि अ‍ॅलिसन गॉपनिक यांच्या १९९७ च्या प्रयोगात मोठ्या व्यक्तीने बिस्किटे खाऊन तोंड वाकडे केले, कच्ची ब्रोकोली मात्र आवडीने खाल्ली. मग तिने हात पुढे केल्यावर अठरा महिन्यांच्या मुलांनी तिला ब्रोकोली दिली, तर चौदा महिन्यांच्या मुलांनी स्वतःला आवडणारी बिस्किटेच दिली.

दुसऱ्याची समजूत चुकीची असू शकते, हे कळायला आणखी काळ जातो. हाइन्झ विमर आणि योसेफ पर्नर यांनी १९८३ मध्ये मुलांना एक गोष्ट सांगितली. माक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, मागाहून आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर माक्सी ते कुठे शोधेल? तीन वर्षांची बहुतेक मुले दुसरे कपाट दाखवतात, कारण चॉकलेट तिथे असल्याचे त्यांना स्वतःला ठाऊक असते. चार ते पाच वर्षांच्या दरम्यान हे उत्तर बदलते. फोनवर आजीने ‘जेवलास का?’ विचारल्यावर नुसती मान हलवणारे मूल याच वाटेवर असते.

या वाढीला मोठा आधार मिळतो तो बोलण्याचा. ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या, खुणांची भाषा उशिरा मिळालेल्या कर्णबधिर मुलांना अशा गोष्टींची उत्तरे उशिरा जमतात. घरात जन्मापासून खुणांची भाषा असलेल्या कर्णबधिर मुलांना ती वेळेवर जमतात. म्हणजे प्रश्न कानांचा नसून मनाविषयीच्या संवादाचा आहे.

म्हणून भांडण झाले की नुसते ‘सॉरी म्हण’ हा हुकूम अपुरा पडतो. मूल शब्द उच्चारते, पण त्यामागचे कारण त्याला कळत नाही. त्याच्या उंचीला बसून, थोडक्या शब्दांत सांगावे लागते: ‘बघ, तो रडतोय. तो मनोरा रचत होता आणि वरचा ठोकळा तू घेतलास. आता त्याला काय हवं असेल?’ ठोकळा परत देणे, मनोरा पुन्हा रचायला मदत करणे, हीच खरी माफी. मूल स्वतःच रडत-ओरडत असेल, तर आधी ते शांत होऊ द्यावे. त्या क्षणी समजावणे वाया जाते.

गोष्टींचाही असाच उपयोग होतो. भोपळ्यात बसून घरी परतणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीत मध्येच थांबून विचारावे, ‘आत कोण आहे हे वाघाला माहीत आहे का? मग तुला कसं कळलं?’ भातुकलीत मूल कधी आई होते, कधी पाहुणा, आणि दुसऱ्याच्या जागी उभे राहण्याचा सराव आपोआप घडतो. ‘आधी तू, मग मी’ असे पाळीचे खेळ दोघातिघांतच सुरू करावेत. मोठ्या घोळक्यात या वयाची मुले बावरतात.

काही खुणा मात्र ‘होईल मोठेपणी नीट’ म्हणून सोडू नयेत: हाक मारल्यावर न बघणे, आवडलेली वस्तू बोट दाखवून दुसऱ्याला न दाखवणे, लुटुपुटीचा खेळ अजिबात नसणे, इतर मुलांत रस नसणे, आलेले शब्द जाणे. अशा वेळी आधी श्रवणचाचणी आणि बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत तपासणीला येतात, तेव्हा त्यांनाही हे निरीक्षण सांगावे. लवकर मिळालेली मदत अधिक उपयोगी पडते आणि तिच्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

वर्गातल्या प्रत्येक भांडणात दोन्ही मुलांच्या मनातले शब्दांत मांडत जा. तुझ्या हाती असलेले हेच सर्वांत मोठे शिक्षण आहे.

तुझी मावशी